ओढणारी दोन, थांबवणारी चार

आमच्या हॉस्टेलमध्ये दोन विषयांवर कधीच एकमत होत नाही. एक म्हणजे मेसच्या आमटीत डाळ असते की नसते, आणि दुसरा म्हणजे फ्रंट-व्हील ड्राइव्ह चांगली की फोर-व्हील ड्राइव्ह! पहिल्या विषयावर फार बोललं की मेस कमिटीत घालतात, म्हणून सगळा जोर दुसऱ्यावर.

वाद पेटला तो २०२५ मध्ये, फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय भारतात आली तेव्हा. आमच्या वर्गातला कोल्हापूरकर कँटीनमध्ये मोबाईल नाचवत आला. "दोन लिटर, २६५ पीएस! आणि सगळी पॉवर पुढच्या दोन चाकांना!" किंमत पन्नास लाखांच्या वर. आम्हा सगळ्यांच्या खिशात मिळून त्या दिवशी दीडशे रुपये होते, त्यातले साठ चहाचे उधार. पण चर्चा अशी की जणू उद्याच बुकिंग करायचंय!

मी फोर-व्हीलवाली. मी म्हटलं, "एवढी पॉवर आणि दोनच चाकांना? त्या दोन चाकांनी गाडी ओढायची, वळवायची, ब्रेकचा मोठा भारही तिथेच. बिचाऱ्या मागच्या चाकांनी काय नुसतं फिरायला यायचं?"

सगळे हसले. कोल्हापूरकर मात्र हटला नाही. तो म्हणाला, "१९६४, १९६५ आणि १९६७. माँटे कार्लो रॅली, जानेवारीची थंडी, रस्त्यावर बर्फ. जिंकली कोण? मिनी कूपर! आणि मिनी फ्रंट-व्हील ड्राइव्ह."

मी म्हटलं, "मग पुढचा इतिहास पण सांग ना. १९८० मध्ये ऑडीने क्वाट्रो आणली आणि रॅलीचा सगळा खेळच बदलला. १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं वर्ल्ड रॅलीचं कंपन्यांचं विजेतेपद लान्चिया डेल्टाने नेलं. ती दिसायला साधी पाच दारांची हॅचबॅक, पण ओढतात चारही चाकं. आपला गौरव गिल २०१६ आणि २०१७ मध्ये एशिया-पॅसिफिक चॅम्पियन झाला तो कुठल्या गाडीत? स्कोडा फाबियात. पण रॅलीतली फाबिया फोर-व्हील, शोरूममध्ये मिळायची ती फ्रंट-व्हील. असं का, ते विचार स्वतःला!"

"कारण आपण रॅलीत जात नाही, भाजी आणायला जातो," तो म्हणाला.

यावर मला काही सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनीत इंजिन आडवं बसवलं आणि पुढचीच चाकं फिरवली. त्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट गेला, मधला बोगदा गेला, वजन कमी झालं आणि इवल्याशा गाडीत चार माणसं बसली. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय याच घराण्यातली. ११० पीएस आणि हलकं वजन, एवढ्या भांडवलावर तिने मोठ्या गाड्यांना घाम फोडला. आज आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या बहुतेक हॅचबॅक त्याच आराखड्यावर चालतात. फोर-व्हील करायची तर आणखी एक डिफरन्शियल, शाफ्ट, कपलिंग असं पन्नास ते शंभर किलो ओझं वाढतं, किंमत वाढते, मायलेज कमी होतं. जपानात स्विफ्टसुद्धा फोर-व्हील मिळते, कारण तिकडे होक्काइदोत बर्फ पडतो. आपल्याकडे कोणी मागितलीच नाही.

पण माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. माझ्या आजोळची घाटी!

माझं आजोळ साखरप्याच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. घर उंचावर. डांबरी रस्ता संपला की शेवटचा शंभरेक मीटरचा चढ जांभ्याच्या दगडातून कापलेला. उन्हाळ्यात काही नाही. जून लागला की लाल माती, वरून वाहून आलेला पाचोळा आणि कडेने शेवाळ. तिथे मामाची २००९ ची स्विफ्ट निम्म्यावर जाते आणि थांबते. पुढची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात, लाल पाणी मागे उडतं आणि गाडी हळूहळू खाली यायला लागते.

मग मामा काय करतो? सगळ्यांना उतरवतो, डिकीतून फणस आणि तांदळाचं पोतं काढतो, गाडी खाली नेऊन फिरवतो आणि रिव्हर्समध्ये चढवतो! लहानपणी आम्हाला ही मामाची जादू वाटायची. गाडी पाठमोरी, मामाची मान मागे वळलेली, आणि स्विफ्ट गुमान वर.

तिसऱ्या वर्षाला आल्यावर कळलं की ही जादू नाही, वेट ट्रान्सफर आहे. मी गणित मांडलं. चढ पाचास एक धरला, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. स्विफ्टसारख्या गाडीचं सपाटीवर साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं असं धरलं. चढावर नाक वर झालं की ते पंचावन्नवर येतं. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं, तीच हलकी होतात. गाडी वर चढायला घर्षण गुणांक ०.३६ लागतो. तीच गाडी उलटी लावली की इंजिन उताराच्या बाजूला येतं, पुढच्या चाकांवर पासष्ट टक्के वजन पडतं आणि ०.३१ वर काम भागतं. चारही चाकं ओढत असतील तर फक्त ०.२०! ओल्या लाल मातीवर ०.३६ मिळत नाही, ०.३१ नशिबाने मिळतो, ०.२० बहुतेक वेळा मिळतो. मामाचं सगळं कौशल्य त्या ०.०५ मध्ये.

हा कागद मी कँटीनमध्ये फडकवला. कोल्हापूरकर गप्प! मग तोच कागद मोठ्या ऐटीत आमच्या ऑटोमोबाईलच्या सरांना दाखवला. सरांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता याच घाटीतून गाडी उतरताना फोर-व्हील ड्राइव्हचा किती उपयोग होतो ते काढून आण."

मी "हो सर" म्हटलं. आणि काढलं नाही. जिंकल्यावर कोण अभ्यास करतं?

ऑगस्टमध्ये आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. मामा, आजी आणि मी. लायसन्स होऊन वर्ष झालं होतं, मामा मला अधूनमधून गाडी द्यायचा. सकाळी साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो तेव्हा मीच चालवत होते. पाऊस बारीक पण सलग. दोन वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तशी आतल्या बाजूचं पुढचं चाक चर्रकन फिरलं आणि स्टेअरिंग हातात हलकं झालं.

"बघ मामा," मी म्हटलं, "हेच मी सांगते. ट्रॅक्शन नाही. पुढची गाडी घेशील ती फोर-व्हील घे."

"ट्रॅक्शन म्हणजे काय ते मराठीत सांग."

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, मला शब्दच सुचेना. "म्हणजे... ते रस्ता आणि टायर..."

"पकड म्हण," मामा म्हणाला. "टायर बोलतायत गो. ऐक जरा. हळू घे."

मी ऐकलं, पण मला हवं तेच ऐकलं. माझ्या मते टायर म्हणत होते, 'तू बरोबर, कोल्हापूरकर चूक.'

कोल्हापुरात डॉक्टरांनी डोळा पाहिला, छान आहे म्हणाले, महिनाभर जपा म्हणाले. आजी खूश. तिला समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली म्हणून तिने ती आम्हाला दोनदा वाचून दाखवली. परत निघालो. मलकापूरपर्यंत मामाने चालवली, पुढे मी.

घाट उतरताना मी बोलतच होते. मर्सिडीज-एएमजीची ए-४५ एस २०२१ मध्ये भारतात आली, ४२१ पीएस, चारही चाकांना पॉवर. टोयोटाच्या जीआर यारिसमध्ये तीन सिलिंडरचं १.६ लिटरचं इंजिन आणि तरी फोर-व्हील. मामा 'हं, हं' करत होता. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, समोर डावं वळण. काटा ४५ च्या आसपास असावा. वळणात शिरता शिरता खालून एस.टी. वर येताना दिसली आणि मी गच्च ब्रेक दाबला.

स्टेअरिंग पूर्ण डावीकडे होतं आणि गाडी सरळ चालली होती.

हे वाक्य मी आता शांतपणे लिहिते आहे. तेव्हा शांत काही नव्हतं. मामाच्या गाडीला एबीएस नाही (२०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं). पुढची चाकं लॉक झाली होती. लॉक झालेलं चाक कुठल्याही दिशेला वळवा, ते नुसतं घसरतं. रस्त्याची मधली पट्टी ओलांडली गेली. एस.टी.चं लाल तोंड, तिचे वायपर, सगळं स्पष्ट दिसत होतं.

"ब्रेक सोड!" मामा ओरडला. "सोड आधी!"

समोर एस.टी. आणि हा म्हणतो ब्रेक सोड! पण पाय उचलला गेला. चाकं पुन्हा फिरायला लागली, त्या क्षणी त्यांना पकड मिळाली आणि गाडी झटक्यात डावीकडे वळली. एस.टी. हॉर्न दाबून ठेवून बाजूने गेली. आम्ही साईडपट्टी ओलांडून डोंगराकडच्या गटारात. डावं चाक खाली, गाडी तिरकी, वायपर चालूच.

मागून आवाज नाही. आजीने बेल्ट लावला नव्हता, छातीला टोचतो म्हणून. मी वळून पाहिलं. ती पुढच्या सीटवर आपटली होती आणि दोन्ही हातांनी डोळा झाकून बसली होती. ऑपरेशनचा डोळा.

"आजी! आजी, डोळा..."

ती हात काढायलाच तयार नव्हती. मग मामाने हळूच हात बाजूला केला. कपाळाला टेंगूळ. डोळा लाल नाही, पाणी नाही. मामाने चार बोटं धरली. "किती?" आजी म्हणाली, "चार. आणि नखं काप." तेव्हा मला रडू फुटलं ते साखरप्यापर्यंत थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोल्हापूर, पुन्हा तपासणी. डोळा सुखरूप होता. पण ती एक रात्र मी विसरणार नाही.

गॅरेजवाल्याने जॅक लावून गाडी उचलली. गाडीत दोष काही नव्हता, एक रिम वाकली होती एवढंच. मग त्याने टायरवरून तळवा फिरवला आणि मामाकडे पाहून म्हणाला, "हे तर गोटा झालेत हो." टायरच्या नक्षीच्या खोबणीत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं, म्हणजे टायर बदलायचा. आमच्या पुढच्या दोन्ही टायरांवर उंचवटे आणि नक्षी एकच झाले होते.

"पुढच्या महिन्यात घालणारच होतो," मामा म्हणाला.

मामी पटकन बोलून गेली, "जूनमध्येच घालायचे होते. पण तेव्हा हिच्या हॉस्टेलची फी..."

मामाने तिच्याकडे असं पाहिलं की ती आत चहा करायला गेली. बाबांचा पगार तेव्हा तीन महिने अडकला होता आणि फी मामाने भरली होती, हे मला माहीत होतं. पैसे कुठून काढले, हे मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री आजोळच्या पडवीत बसून मी सरांचा राहिलेला अभ्यास केला. थांबण्याचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले घर्षण गुणांक गुणिले जी. अकरावीचं सूत्र! ताशी ५० किलोमीटर वेग, सपाट रस्ता. कोरड्या डांबरावर गुणांक ०.७ धरला तर १४ मीटर. ओल्या डांबरावर चांगल्या टायरने ०.५, तर २० मीटर. गोटा टायर आणि पाण्याचा थर, ०.३ धरला तर ३३ मीटर. आणि हे पाय ब्रेकवर पडल्यानंतर. त्याआधी डोक्याला कळायला एक सेकंद गेला, तर त्यातच १४ मीटर संपतात. वळणाचंही तसंच. ३० मीटर त्रिज्येचं वळण ०.५ ला ताशी ४४ ने निघतं. ०.३ ला फक्त ३४ ने. मी ४५ ने गेले होते, आणि वर ब्रेक दाबला होता.

मी तो कागद कितीतरी वेळ बघत बसले. कारण या दोन्ही सूत्रांत गाडी फ्रंट-व्हील आहे की फोर-व्हील, हे कुठेच येत नाही! इंजिनची पॉवर येत नाही. गाडी पन्नास लाखांची आहे की तीन लाखांची, हेही येत नाही. येतो फक्त वेग, वळण आणि पकड. ओढणारी चाकं दोन असोत की चार, थांबवणारी चाकं प्रत्येक गाडीला चारच. लहान गिअरमध्ये घाटी उतरताना इंजिनचा ब्रेक चार चाकांत वाटला जातो, एवढा फायदा फोर-व्हीलला द्यायला हवा. पण पायाखालचा ब्रेक सगळ्यांचा सारखाच.

मग मी पॉवरचंही गणित केलं, प्रामाणिकपणे, दोन्ही बाजूंनी. ओल्या सपाट रस्त्यावर, टायर चांगले असतील तर, मामाच्या ८७ पीएसच्या स्विफ्टची चाकं ताशी ७० च्या पुढे नुसत्या इंजिनच्या जोरावर घसरूच शकत नाहीत. तेवढी ताकदच नाही! तिला फोर-व्हील लावून घाटीखेरीज कुठे उपयोग? २६५ पीएसच्या गोल्फची मात्र त्याच रस्त्यावर ताशी दीडशेपर्यंत घसरू शकतात. तिथे फोर-व्हीलचा उपयोग नक्की आहे. वळणातून बाहेर पडताना पुढच्या टायरला वळायचंही असतं आणि ओढायचंही, आणि एका टायरजवळ पकड ठरावीकच. ते काम चौघांत वाटलं तर गाडी लवकर सुटते. रॅलीत सेकंदाला किंमत असते, म्हणून तिथे फोर-व्हील जिंकते. पण हातखंब्याच्या पुढे पावसात, समोर डंपर असताना, कुठला शहाणा माणूस पूर्ण पॉवर देणार आहे?

आणि सगळ्यात महत्त्वाचं मला त्या चर्रकन आवाजाबद्दल कळलं. सकाळी चढताना चाक घसरलं, ती तक्रार नव्हती, सूचना होती. 'आज रस्त्यावर पकड कमी आहे' असं गाडी मला चढावर, कमी वेगात, काहीही नुकसान न करता सांगत होती. फोर-व्हील असती तर ती बहुधा न घसरता चढली असती. मी आणखी निर्धास्त झाले असते, आणि उतरताना पकड तितकीच कमी असती. फ्रंट-व्हीलने मला दोनदा सांगितलं. मामाने तिसऱ्यांदा सांगितलं. मी ते वादातला मुद्दा म्हणून वापरलं.

कॉलेजला परतल्यावर दुसरा कागद सरांना दिला. सरांनी वाचला आणि एवढंच विचारलं, "आजी कशी आहे?" म्हणजे बातमी पोचली होती. मी म्हटलं, "बरी आहे सर. आता बेल्ट लावते."

गणपतीच्या आधी मामाने चारही टायर नवे घातले. त्यातल्या दोनांचे पैसे मी दिले, वर्षभर नवीन मोबाईलसाठी साठवलेले. मामा घेत नव्हता. मी म्हटलं, "फी म्हणून नाही, पकड म्हणून घे." तेव्हा घेतले. आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता चावी माझ्या हातात दिली. त्या दिवशी घाटीही नव्या टायरांवर सरळच चढली असती, असं मला वाटतं. पण मी उलटीच चढवली. फणस नव्हता, नारळाचं पोतं मात्र डिकीतून काढलं.

कँटीनमधला वाद अजून संपलेला नाही. मी आजही म्हणते, पैसे असतील आणि आजोळला अशी घाटी असेल तर फोर-व्हील घ्या. कोल्हापूरकर आजही म्हणतो, भाजीला जायला दोन चाकांची ओढ पुरते. दोघेही बरोबर आहोत. पण आता वाद सुरू झाला की मी आधी विचारते, "तुझ्या बाईकचे टायर कधी पाहिलेस?" परवा पार्किंगमध्ये आम्ही दोघांनी हॉस्टेलच्या अकरा बाईक पाहिल्या. चार गोटा निघाल्या. त्यातली एक कोल्हापूरकराची!

मित्रमैत्रिणींनो, जूनमध्ये पाऊस येईल. त्याआधी खाली वाकून एकदा टायरवरून तळवा फिरवा. आणि घरून आलेल्या फीच्या पैशांतून कोणाचे टायर राहिले असतील, तर तेही एकदा विचारा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)